भात्याला पडलेलं भोक

उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी एकतीस वर्षं चुका काढायचा पगार घेतला. साच्यात ओतलेला लोखंडाचा तुकडा गार होऊन टेबलावर आला की माझ्या हाताखालून जायचा. कुठं हवा अडकून भोक पडलेलं, कुठं केसाएवढी भेग. दिसली की मी खिशातला पिवळा खडू काढायचो, दोषाभोवती गोल ओढायचो आणि तुकडा परत वितळायला जायचा. हा खडू मेणाचा असतो. तेलकट लोखंडावरही उठतो आणि पुसू म्हटलं तरी पुसला जात नाही. ही शेवटची गोष्ट मला फार महागात पडली.

घरातही माझी नजर तशीच. भांड्याचा पोचा, दाराची फट, भाजीतलं मीठ, काही सुटायचं नाही. बायको म्हणायची, "अवो, देवाला हात जोडताना बी तुमी मूर्तीला भेग हाय का बघताय." मला ती तारीफ वाटायची.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होता. पान चोळून, नाकाशी धरून, त्याचा दर्जा सांगणं हे त्याचं काम. मी बोलून चुका दाखवायचो, तो न बोलता पान बाजूला टाकायचा, एवढाच आमच्यात फरक. निवृत्तीच्या आधी त्यानं निपाणीत घर बांधलं आणि आईला तिकडं नेलं. वास्तुशांतीला आम्ही आमच्या गावाहून, कंग्राळीहून, सगळे गेलो होतो. माझं जेवण झालं, मी हात धुतले, वर बघितलं, तर दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून एक भेग वर निघालेली. वीतभर असेल. पुढचं मी केलं असं म्हणवत नाही, हातानंच केलं. खुर्ची ओढली, वर चढलो, खिशातला पिवळा खडू काढला आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर भेगेभोवती गोल ओढला. वरनं सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो, "अण्णा, ही वाढत जाणार बघ. आमच्याकडं असता तर ह्यो माल मी परत पाठवला असता."

पंगतीतल्या सगळ्या माना वर, त्या गोलाकडं वळल्या. त्यानंतर चार वर्षं अण्णा माझ्याशी बोलला नाही.

भांडण असं झालंच नाही. मी आईला भेटायला जायचो, तो समोर बसलेला असायचा आणि बोलायचा आईशी. "आई, त्याला च्या घे म्हण." "आई, त्याला इचार, शेवटची बस किती वाजता हाय." आई आमच्या दोघांच्या मधे टेलिफोनसारखी बसायची. त्या भिंतीला त्यानं दोनदा रंग दिला, पण मेणाचा गोल दोन्ही वेळा रंगातून वर आला. दर वेळी आत जाताना मला तो डोक्यावर दिसायचा आणि मी मान खाली घालून जायचो.

मी निवृत्त झालो आणि चिकोडीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होताना तिथला भात्याचा कॅमेरा घरी घेऊन आलो. सागवानी चौकट, पितळी खिळे, पुढं भिंग, मागं दुधी काच आणि मधे काळ्या चामड्याचा घडीघडीचा भाता. फाउंड्रीतल्या माणसाला भाता म्हणजे वारा देणारी वस्तू. हा भाता अंधार धरून ठेवतो. काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि दुधी काचेवर समोरचं घर पहिल्यांदा उलटं दिसलं, तेव्हा मी कितीतरी वेळ बाहेरच आलो नाही. शेजारीण उलटी चालत होती, तिची साडी वाऱ्यानं वरच्या जमिनीवर लोळत होती. वीज नाही, सेल नाही, काही नाही, आणि आख्खी गल्ली तळहाताएवढ्या काचेवर रंगीत हलते आहे. साठीच्या माणसाला रडू येण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे, पण मला आलं.

मी फिल्म वापरतो ती दवाखान्यातली, एक्स-रेची. ती लाल दिव्यात कापता येते आणि धुताना डोळ्यांनी बघताही येते. कापलेला तुकडा एका चपट्या होल्डरमध्ये जातो, दोन बाजूंना दोन. प्रत्येक तुकड्यावर एक काळी सरकती पट्टी असते. होल्डर कॅमेऱ्याच्या मागं बसवायचा, पट्टी ओढून बाहेर काढायची, मग भिंगाचं झाकण क्षणभर उघडणारं बटण दाबायचं, पट्टी परत घालायची. पट्टी बाहेर असेतोवर फिल्मवर पांघरूण असतं ते फक्त भात्यातल्या अंधाराचं. हे सगळं मला पाठ होतं. त्याचा अर्थ कळायला वेळ लागला.

गेल्या हिवाळ्यात आई म्हणाली, "तुज्या त्या पेटीत माजा एक फोटू काढ. अण्णा बाजूला बसंल."

"आनि मी?"

"तू काढणार न्हवं? मग तू हैसच की त्यात."

आईनं ऐंशी ओलांडली होती. तिला काही आजार नव्हता, फक्त ती आता गोष्टी मागून घ्यायला लागली होती. ही एकच गोष्ट तिनं माझ्याकडं मागितली आणि ती माझ्या एकट्याच्या हातात नव्हती.

निपाणीला सकाळी साडेनऊला अण्णाच्या अंगणात मी कॅमेऱ्याची तिपाई उभी केली. आई ओसरीच्या सावलीत खुर्चीवर. तिच्या डाव्या हाताला रिकामी खुर्ची, त्या खुर्चीच्या मागं घराचं उघडं दार, आत अंधार. दाराच्या वर भिंतीवर माझा तो पिवळा गोल. आईनं हाक मारली. अण्णा आतून आला, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आई, मला न्हाई फोटू काढायचा, सांग त्याला." आणि माझ्या उजव्या हाताला, जरा पुढं, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उन्हात जाऊन बसला. मी तिकडं बघितलं नाही. माझीही मान काही कमी ताठ नाही.

मी होल्डर बसवला, पट्टी ओढली आणि फाउंड्रीतल्या आवाजात ओरडलो, "आता कुनी हालू नका!"

आई हलली नाही. ओठ न हलवता म्हणाली, "थांब जरा. येतोय त्यो."

मी थांबलो. हातात बटणाची वायर, डोळे आईवर. रस्त्यावरून टेम्पो गेला, एक बाई डोक्यावर पाटी घेऊन अंगणासमोरून गेली, कुत्रं टाकीपाशी येऊन वास घेऊन परत गेलं. एक मिनिट, दोन, तीन. आई रिकाम्या खुर्चीकडं न बघता तिच्यासाठी थांबली होती. शेवटी तिचे खांदे जरासे उतरले. "घे बाबा," ती म्हणाली. मी बटण दाबलं. होल्डर उलटून लगेच दुसराही काढला, पण तेवढ्यात तिनं पदरानं डोळे पुसायला मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदानं बंद करून, लाल दिवा लावून, मी दोन्ही तुकडे एकाच परातीत, औषधाच्या पाण्यात धुतले. आधी काही नाही. मग खुर्चीची पाठ, मग आईचे हात, मग तिचा चेहरा, पाण्यातून कुणी वर यावं तसा. पहिला फोटो म्हणजे माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं. आईच्या कपाळावरची एकेक रेघ मोजावी अशी. आणि तिच्या बाजूला, दाराच्या अंधारात, एक डाग.

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं असं सगळं उलटं असतं, अंधाराची जागा कोरी राहते. दाराची ती कोरी जागा कोरी नव्हती. तिथं धुरकट, बोटभर उंचीचं काहीतरी होतं. दुसरा तुकडा स्वच्छ, पण त्यात आईचा चेहराच नव्हता, पदर होता. म्हणजे जो फोटो आईला द्यायचा तोच नापास. माझा हात खिशाकडं गेला. निवृत्त झालो तरी खडू असतोच.

मी चिडलो आणि चिडलो की मी फार पद्धतशीर होतो. न्हाणीघराच्या दारावर खडूनं एकेक संशयित लिहिला आणि एकेक तपासला. औषधाचा दोष म्हणावा तर दोन्ही तुकडे एका परातीत धुतलेले, दुसरा स्वच्छ कसा? खोडला. बोट लागलं असेल म्हणून भिंगाखाली धरलं, तर बोटाच्या रेघा नाहीत. खोडलं. होल्डरमधून उजेड शिरला असेल म्हणून त्यात कोरी फिल्म घालून तो अर्धा तास उन्हात ठेवला आणि फिल्म धुतली, तर ती कोरीच. तेही खोडलं. भिंगावर ऊन चमकलं असेल, तर दोन फोटोंच्या मधे सूर्य काही पळाला नव्हता. मग दोन्हीत फरक काय? दोन दिवस मी जेवताना, आंघोळ करताना, बायकोशी बोलताना हाच विचार करत होतो. बायको म्हणाली, "एवढं थांबून माजं बोलनं ऐकून घेतलं असतं तर." आणि मला एकदम सापडलं. थांबणं. पहिल्या तुकड्याची पट्टी तीन मिनिटं बाहेर होती, दुसऱ्याची तीन सेकंद.

मी कॅमेरा गच्चीवर नेला. भिंगाला टोपण घातलं, वर फडकं बांधलं. कोरी फिल्म बसवली, पट्टी काढली आणि घड्याळ लावून तीन मिनिटं नुसता उभा राहिलो. खाली येऊन धुतली. मला वाटलं होतं, फार तर काळा पट्टा दिसेल.

लाल उजेडात परातीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी वर आली. तिच्याशेजारी वाळत घातलेली दोन धोतरं. कठडा. सगळं मंद, कडा विरघळलेल्या, पण टाकी म्हणजे टाकीच. भिंग तिकडं नव्हतंच, ते कंग्राळीच्या शेतांकडं होतं, आणि त्याला टोपण होतं. मी परातीवर वाकून उभाच राहिलो. डोळे बांधलेल्या माणसानं बाजूला कोण उभं आहे ते सांगावं, तसं झालं होतं.

फाउंड्रीत तुकड्याला आरपार भेग आहे का बघायचं असलं की आम्ही एका बाजूनं रॉकेल लावायचो आणि दुसऱ्या बाजूला खडूची पांढरी पूड. भेग असेल तिथं पांढऱ्यावर ओल उमटायची. भात्याला रॉकेल चालणार नाही. मी रॉकेलऐवजी उजेड घेतला. त्याच काळोख्या न्हाणीघरात भात्याच्या आत बॅटरी लावली आणि बाहेरून घडीघडी बघत गेलो. उजव्या बाजूला, पुढच्या टोकाजवळ, एका घडीच्या कोपऱ्यात चामडं झिजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. त्यातून एक बारीक किरण सरळ माझ्या बनियनवर आला.

मी आयुष्यभर भोकांचा द्वेष केला. भोक म्हणजे नुकसान, परत भट्टी, वरच्या साहेबाची बोलणी. आणि इथं हे एवढंसं भोक, त्याला काच नाही, बटण नाही, कुणी शिकवलेलं नाही, त्यानं पट्टी निघाल्यापासून गुपचूप आपला वेगळा फोटो काढला होता. माझ्या भिंगानं अर्ध्या सेकंदात जे बघितलं त्याच फिल्मवर, तीन मिनिटं थांबून, हळूहळू. मी त्या भोकाला चक्क हात जोडले. बायको दारात उभी होती, ती काही बोलली नाही, हेही नवलच.

तेव्हा कुठं मी परत आईच्या निगेटिव्हकडं गेलो. भोक उजव्या बाजूला होतं, म्हणजे ते माझ्या उजव्या हाताकडं बघत होतं. तिकडं काय होतं ते मला कळायच्या आत बायकोनं निगेटिव्ह खिडकीला धरून मोबाइलवर फोटो काढला, काळ्याचं पांढरं केलं आणि म्हणाली, "अवो, ह्ये भाऊजी हैत की!"

अण्णाच होता. रुंदीला जरा पसरलेला, नाक डोळे नाहीत, पण डावा तळवा गुडघ्यावर आणि उजव्या मुठीवर हनुवटी. आमच्या घरात दुसरं कुणी असं बसत नाही. टाकीच्या कठड्यावर उन्हात बसलेला अण्णा, स्वतःच्या घराच्या दारातल्या अंधारात येऊन उतरला होता. रिकाम्या खुर्चीवर बसला असता तर ती फारच गोड गोष्ट झाली असती. तसं नव्हतं. खुर्चीच्या मागं, उंबऱ्यापासून वीतभर वर, तो अधांतरी होता, आणि त्याचं तोंड आमच्याकडं होतं. इतर ठिकाणी ऊन किंवा भिंत पांढरी, तिथं एवढा मंद उजेड दिसलाच नसता. फक्त अंधारात तो उमटला.

मी हातातलं भिंग घेऊन निगेटिव्हवर त्याला बघत बसलो. त्याच्यावरून सरकत भिंग दाराच्या चौकटीवर गेलं आणि तिथं थांबलं. एवढ्या मोठ्या फिल्मवर भिंतीचा कणन् कण उतरतो. माझा मेणाचा गोल होता. आत भेग होती. रंगाखालूनही तिची रेघ कळत होती. ती गोलाच्या आतच संपत होती. चार उन्हाळे, चार पावसाळे गेले, आणि ती माझ्या गोलाबाहेर सूतभरही गेली नव्हती. घराला काही झालं नव्हतं. नुसत्या गिलाव्याला वाळताना पडलेली भेग होती ती, कुठल्याही नव्या भिंतीला पडते. मी चांगला माल नापास केला होता, भर पंगतीत. मला इतकी लाज वाटली की मी भिंग खाली ठेवलं आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

भोक बुजवून नवा फोटो काढता आला असता. पण मी लाल दिव्यात तोच फोटो कागदावर उतरवला, पोस्टकार्डाएवढा, आणि रविवारी निपाणीची बस धरली.

आई ओसरीत शेंगा सोलत होती. अण्णा बाजूला पेपर वाचत होता. मी आईला फोटो द्यायचा म्हणून आणलेला, पण तो अण्णाच्या पेपरवर ठेवला.

"अण्णा," मी म्हणालो. चार वर्षांत आईला मधे न घेता त्याला मारलेली ही पहिली हाक. "ती भेग वाढली न्हाय. गिलाव्याचीच हुती. माजं चुकलं."

त्यानं फोटो उचलला, चष्मा कपाळावर घेतला, फोटो डोळ्यांजवळ नेला. तंबाखूचं पान बघावं तसा तो बघत राहिला. आई शेंगा सोलायची थांबली.

"मी ह्यात कसा आलो?" तो म्हणाला. माझ्याकडं बघून म्हणाला.

मी सांगायला लागलो. भाता, भोक, पट्टी, तीन मिनिटं. सांगताना मला मधेच आठवलं. "तितनं कुत्रं गेलं, पाटीवाली बाई गेली, टेम्पो गेला. त्यातलं काय बी आलं न्हाय. जे हालतंय ते ह्यात येत न्हाय. तीन मिनिटं जे जागच्या जागी ऱ्हातंय तेवढंच येतंय. तू हाललाच न्हाईस, अण्णा. एकदा बी."

"कसा हालू?" अण्णा म्हणाला. "तूच वरडलास की, कुनी हालू नका म्हनून. तुजा फोटू बिघडला असता."

मी उभाच होतो, तो बसलेलाच होता. आमच्यापैकी कुणालाच पुढं काय करायचं ते कळत नव्हतं.

आईनं मांडीवरची टरफलं झटकली. "आता तरी हाला की रं, दोगं बी," ती म्हणाली.